शह, चौकडी आणि चेक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा समितीचा निरोप आला आणि सोबत एक अटही आली : "काका, बँकेचं लिहा, पण व्याजाचे दर नकोत." मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी तरी एकाच कागदाकडे बघण्यात गेली. तो कागद म्हणजे चेक. तेव्हा त्या शब्दाचीच हकिकत सांगतो.

हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो बघा. वरच्या टाकीत पाणी आहे का, चेक करा. डॉक्टरकडे चेकअप. एसटीत तिकीट चेकर, रस्त्यावर चेकनाका, अंगात चेक्सचा शर्ट आणि महिन्याला मेंटेनन्सचा चेक. न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो, तेव्हा हॉटेलात जेवण झाल्यावर तो वेटरला म्हणाला, "चेक प्लीज." मी म्हटलं, अरे, चेक आपण द्यायचा, त्याच्याकडे कसला मागतोस? तर तिकडे बिलालाच चेक म्हणतात. एवढंच काय, आपण बरोबरची जी खूण करतो, टिक, तीही तिकडे चेकच!

घरी आल्यावर शब्दकोश उघडले. ही सगळी मंडळी एकाच घरातली निघाली आणि ते घर इंग्लंडात नाही, इराणात आहे. फारसीत 'शाह' म्हणजे राजा. बुद्धिबळ मूळचं आपल्याकडचं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा खेळ म्हणून त्याचं नाव चतुरंग. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे जाऊन 'शतरंज' झाला. राजावर हल्ला केला की खेळणारा समोरच्याला "शाह!" असं बजावायचा. आपण मराठीत 'शह दिला' म्हणतो तो हाच, आणि 'मात केली' मधली मातही त्याच पटावरची. पुढे अरबांच्या मार्फत खेळ युरोपात पोचला. जुन्या फ्रेंचमध्ये 'शाह'चा 'एशेक' झाला आणि इंग्रजांनी सुरुवातीचा 'ए' गाळून 'चेक' केला. म्हणजे आपला शह आणि त्यांचा चेक हे सख्खे भाऊच.

एकदा हे कळलं की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. शह बसला की राजाची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. अडवून बघायचं म्हणजे तपासायचं. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ एकत्र उभे असतात. आणि पटावरच्या घरांवरून आली ती चौकडी, म्हणजे आपला चेक्सचा शर्ट.

आता पैशाकडे येऊ. इंग्लंडच्या अर्थमंत्र्याला अजून 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. लॅटिनमध्ये 'स्काकारियुम' म्हणजे बुद्धिबळाचा पट, त्यावरून हे एक्स्चेकर. बाराव्या शतकात तिथल्या राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कामकाजावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्या टेबलाचं वर्णन आहे. सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, वर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून पेन्स, शिलिंग, पौंड असे रकाने पाडून त्यांत सोंगट्या मांडायच्या. एका बाजूला खजिनदार, समोर वसुली घेऊन आलेला जिल्ह्याचा शेरीफ. या दोघांची झुंज बुद्धिबळासारखीच असते, असं फिट्झनीलनेच लिहून ठेवलंय. आपल्या वार्षिक सभेत हिशेबाचा विषय निघाला की मला तेच टेबल दिसतं!

पैसे भरल्याची पावती काय, तर लाकडाची काठी. रकमेप्रमाणे तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताएवढी रुंद, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढे तंटा झाला तर दोन्ही भाग जुळवून बघायचे. या काठीचं नाव टॅली. आपले खजिनदार ज्या 'टॅली'त सोसायटीचे हिशेब ठेवतात, त्या शब्दाचं मूळ हे. अशा जुन्या काठ्यांचा साठा १८३४ साली जाळायला काढला, तर भट्ट्या इतक्या तापल्या की लंडनचं पार्लमेंटच त्या आगीत भस्मसात झालं.

कागद आला तरी जुळवून बघण्याची गरज राहिलीच. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते कागदाच्या अर्ध्या भागाला, जो फसवणूक पकडायला जपून ठेवायचा, म्हणजे आजच्या भाषेत काउंटरफॉइलला. हळूहळू नाव अर्ध्या भागावरून पूर्ण कागदावर सरकलं. इंग्रजांनी एक्स्चेकरची नक्कल करून स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई लावलं, अमेरिकेने साधंच ठेवलं. आपण इंग्रजांचं उचललं, कारण १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट त्यांच्याच राज्यात झाला आणि आजही तोच चालू आहे.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एका निवृत्त गुरुजींचा चेक आला, औषधांच्या दुकानाच्या नावाने. सही जुळत नव्हती. मी मेमो लावून परत केला. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. कोऱ्या कागदावर दहा सह्या केल्या, एकीसारखी दुसरी नाही. हात कापत होता. म्हणाले, "साहेब, सही बदलली, माणूस तोच आहे." आमचा शिपाई त्यांचाच विद्यार्थी. त्यांचं घर चालत पाच मिनिटांवर. त्याला पाठवून विचारता आलं असतं, पण मला सुचलं नाही. त्यानंतर गुरुजींनी चेक लिहायचं सोडलं. दर महिन्याला स्वतः येऊन, रांगेत उभे राहून रोख पैसे न्यायचे. मी दिसलो की नमस्कार करायचे. तो नमस्कार फार जड जायचा.

गेल्या वर्षी माझा मेंटेनन्सचा चेक परत आला. कारण तेच : सही जुळत नाही. थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव फळ्यावर लागलं असतं तरी तक्रारीला जागा नव्हती. पण आपले खजिनदार, माझ्या मुलापेक्षा लहान, तो चेक घेऊन वर आले. म्हणाले, "काका, यादी लावायच्या आधी विचारावं म्हटलं. उद्या गाडी काढतो, बँकेत नवीन सही देऊन येऊ." चहा घेऊन ते गेले आणि मी बराच वेळ तो चेक हातात धरून बसलो. चेकचे दोन अर्थ, अडवणं आणि विचारपूस करणं. मी गुरुजींच्या वेळी पहिल्यावरच थांबलो होतो.

आता पैसे मोबाइलवरून जातात. नात मला शिकवतेय, मीही शिकतोय. पण समितीला एक विनंती, ऑफिसातली चेक टाकायची पेटी एवढ्यात काढू नका. आम्हा दहा-बारा म्हाताऱ्यांचे हात अजून तिच्यापर्यंत पोचतात. आणि एखाद्याची सही जुळली नाही, तर जिना चढून वर या. चहा ठेवतो.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.