लहान पात्याची मोठी गोष्ट : शिकारीचा चाकू कसा घडला?

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर वाचून काढा.

चाकूंची रील्स तुम्ही पाहिलीच असतील. काळं कुळकुळीत पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र. खाली कमेंट ठरलेली, 'भाऊ, लिंक दे.' पण ज्यांचं पोट खरोखर जनावराचं कातडं सोलण्यावर चालायचं, ते कोणता चाकू वापरायचे? याचं उत्तर शोधायला आपण जाणार आहोत अमेरिकेत, साधारण दोनशे वर्षं मागे.

तारीख १९ सप्टेंबर १८२७. मिसिसिपी नदीतला वाळूचा एक पट्टा, नॅचेझ गावाजवळ. दोन माणसांचं द्वंद्व ठरलं होतं. दोघांचे नेम चुकले, हात मिळवले, विषय संपला. आणि मग सोबत आलेली माणसंच एकमेकांवर तुटून पडली! त्यात जेम्स बोवी नावाचा माणूस गोळ्या लागलेल्या, भोसकलेला, तरी त्यानं मोठ्या चाकूनं समोरच्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही हाणामारी देशभर पोचवली आणि 'बोवी नाइफ'ची लाट आली. इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखाने खास अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी असे चाकू बनवून जहाजांनी पाठवू लागले.

गंमत पुढे आहे. जेम्सचा भाऊ रेझिन यानं १८३८ मध्ये लिहून कळवलं की तो चाकू मुळात शिकारीसाठी केला होता. पातं सव्वानऊ इंच, एकाच बाजूला धार, वळण नाही. म्हणजे साधा, खाटकाच्या सुरीसारखा. पण बाजारात खपला तो मारामारीचा चाकू.

आता जरा कामाकडे बघू. जनावर सोलताना दोन वेगळी कामं असतात. आधी पोटावरून आणि पायांच्या आतून कातडं चिरायचं. इथे टोक लागतं, पण ते आत घुसून आतडं फुटलं तर मांस नासतं. मग कातडं मांसापासून सोडवायचं. इथे लागते गोलाईची धार, म्हणजे पात्याचं 'पोट'. गोल धार कातड्यावरून सरकत जाते, टोक रुतत नाही, भोक पडत नाही. आणि भोक पडलेल्या कातड्याला भाव कमी. या कामात नऊ इंची पातं अडचणच करतं. बोटं जनावराच्या आत, टोक कुठे आहे ते दिसत नाही, हात रक्तानं निसरडा.

म्हणून सीमेवरचे लोक काय घ्यायचे? साध्या सुऱ्या. १८३० च्या दशकात जॉन रसेल यानं मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला कारखाना काढला, 'ग्रीन रिव्हर वर्क्स'. तिथल्या सुऱ्या स्वयंपाकघरात चालायच्या, खाटकाकडे चालायच्या आणि पश्चिमेकडच्या रानातही. लाकडी मूठ, पितळी खिळे, पातळ पोलादी पातं. बस्स.

इथून गोष्ट काळी होते. १८७१ च्या सुमारास अमेरिकन चर्मोद्योगाला रानगव्यासारख्या बायसनच्या कातड्यापासून टिकाऊ चामडं करायची युक्ती सापडली. यंत्रांच्या पट्ट्यांना असं चामडं हवंच होतं. मग मैदानांत टोळ्या उतरल्या. एक जण बंदूक चालवणार, बाकीचे मागून सोलत येणार. सोलणाऱ्याकडे दोन सुऱ्या असत, चिरायला टोकदार आणि सोडवायला वाकडी. कधी कातडं घोड्याला बांधून ओढून काढत. मांस बहुतेक वेळा तिथेच सडायचं. जिथे कोट्यवधी बायसन चरत होते, तिथे १८८९ मध्ये पाळीव धरून हजार-अकराशे उरले. लकोटा, शायान, कोमांची, कायोवा अशा लोकांचं अन्न, तंबू, पांघरूण सगळं या जनावरावर होतं. तेही त्याच्यासोबत गेलं.

चाकूनं हे केलं असं मी म्हणत नाही. बाजारानं केलं. पण उत्तम, स्वस्त, बिनतक्रार हत्यार होतं म्हणून ते इतक्या वेगानं झालं, हे नाकारता येत नाही.

याच काळात एक किरकोळ अंगाचा माणूस उलट सांगत होता. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स, टोपणनाव 'नेसमक'. धंद्यानं बूट शिवणारा, म्हणजे चामडं आणि पातळ धार हा त्याचा हातचा विषय. १८८३ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तो जेमतेम पावणेपाच किलोच्या होडीतून ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्या-नद्यांमधून २६६ मैल फिरला. १८८४ च्या 'वुडक्राफ्ट' पुस्तकात त्यानं दुकानातल्या जाड, बोजड शिकारी चाकूंची खिल्ली उडवली. त्याचं स्वतःचं त्रिकूट होतं : लहान कुऱ्हाड, घडीचा चाकू आणि पातळ पात्याची सुरी. लाकूड फोडायला कुऱ्हाड आहे ना, मग चाकू कशाला जाड हवा?

पुढचा माणूस होरेस केफार्ट, सेंट लुईसचा ग्रंथपाल. दारू आणि मोडलेला संसार मागे टाकून १९०४ मध्ये तो स्मोकी डोंगरांत राहायला गेला. १९०६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचा आवडता चाकू गावच्या लोहारानं केलेला : पातं साडेचार इंच, मूठ साडेचार इंच, वजन ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. आज यालाच 'फुल टँग' म्हणतात. हाच केफार्ट पुढे ते डोंगर वाचवायला झटला. १९३१ मध्ये तो अपघातात गेला आणि १९३४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं.

शेवटचा टप्पा १९५४ च्या आसपासचा. बॉब लव्हलेस नावाच्या खलाशाला एक नामांकित चाकू हवा होता, पण यादी लांबलचक. मग त्यानं भंगारातल्या गाडीच्या स्प्रिंगमधून स्वतःच चाकू केला आणि पुढे तोच त्याचा धंदा झाला. 'ड्रॉप पॉइंट' हा आकार त्यानं लोकप्रिय केला. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच उतरते, टोक खाली येतं, त्यामुळे पोट चिरताना आत घुसत नाही. जुन्या सोलणाऱ्यांची अडचण एकाच पात्यात सुटली.

आता तुमची 'लिंक दे'वाली कमेंट. चार इंचांच्या आसपास पातं, पातळ धार, साधी पाठ, ओल्या हातात न निसटणारी मूठ, घट्ट म्यान. एवढं बघा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा ट्रेकला कांदा कापणं आणि दोरी तोडणं हेच काम. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घर-शेतीच्या कामाचं नसेल तर ते हत्यार ठरतं. बोवीचा चाकू इथेच अडकला असता! शिवाय पोलिसांची शस्त्रबंदी लागू असेल तर लहान चाकूही खिशात चालत नाही. म्हणून रोज जवळ बाळगायचा विचार सोडा. ट्रेकला नेताना म्यानात घालून, सॅकच्या तळाशी.

आणि विकत घेण्याआधी आजीची भाजी चिरायची सुरी एकदा हातात धरून बघा. ग्रीन रिव्हरच्या सुऱ्याही साधारण तशाच होत्या.

भाग आवडला तर मित्राला पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!