एक पोर्ट, अनेक वाटेकरी

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘यूएसबी टाइप-सी’ जोडणीसाठी भारतीय मानक प्रसिद्ध केले. आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२ असा रुक्ष क्रमांक असलेले हे मानक मोबाइल, लॅपटॉप यांसारख्या उपकरणांचे पोर्ट, प्लग आणि केबल यांविषयी आहे. एकाच चार्जरवर अनेक उपकरणे चालावीत आणि ई-कचरा घटावा, हा त्यामागचा हेतू. साहजिकच चर्चा झाली ती चार्जरची. परंतु लॅपटॉपच्या कडेच्या त्या लहानशा पोर्टातून वीज आत येते, माहिती दोन्ही दिशांनी धावते, पडद्याचे चित्र बाहेर जाते आणि शेजारी ठेवलेला फोनही चार्ज होतो. ही सारी कामे एका वाटेवर आणायला सुमारे दोन दशके लागली. त्या इतिहासाचा एक धागा बडोद्याला पोहोचतो.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अजय भट्ट पुढे अमेरिकेत गेले आणि १९९० मध्ये इंटेल कंपनीत रुजू झाले. त्या काळी संगणकाची मागची बाजू म्हणजे नाना आकारांच्या खाचांचे प्रदर्शनच असे. प्रिंटरची खाच वेगळी, मोडेमची वेगळी, कळफलकाची त्याहून निराळी. नवे उपकरण जोडले की संगणक पुन्हा सुरू करणे बहुधा आलेच. घरी साधी छपाई करतानाही होणारी दमछाक पाहून एकाच सुलभ जोडणीची कल्पना सुचली, असे भट्ट यांनी सांगितले आहे. मात्र यूएसबीचे श्रेय एकट्या भट्टांना देणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. जानेवारी १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीमागे इंटेलसह कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या.

एका पोर्टावर हबच्या साहाय्याने १२७ उपकरणे जोडता येतील, अशी त्या आवृत्तीची रचना होती. हा आकडा येतो सात बिटांच्या पत्त्यातून: एकूण १२८ पत्ते, त्यांतील शून्य क्रमांक नवागत उपकरणासाठी राखीव. पत्ते मुबलक होते, वीज मात्र मोजकीच. ५ व्होल्ट दाबाला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबचा हिशेब तर अगदी काटेकोर होता: १०० मिलिअँपिअर हबला स्वतःसाठी आणि उरलेल्या ४०० मध्ये चार उपकरणे, प्रत्येकी १००. माउसला एवढे पुरे, पण लॅपटॉप चार्ज करण्याचा विचारही या व्यवस्थेत बसणारा नव्हता.

आरंभ अडखळतच झाला. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ वर स्कॅनर जोडला आणि पडदा निळा पडला! त्याच वर्षी अॅपलने आयमॅकमध्ये कळफलक, माउस व प्रिंटर यांसाठी केवळ यूएसबी ठेवले आणि बाजाराने दिशा पकडली. २००० मध्ये वेग ४८० मेगाबिटांवर गेला, २००८ मध्ये ५ गिगाबिटांवर.

खरा पालट वेगात नव्हे, तर दिशेत झाला. जुन्या यूएसबीत प्लगचा आकारच नाते ठरवीत असे. चपटे टोक संगणकाकडे, चौकोनी टोक प्रिंटरकडे. वीज व हुकूमत दोन्ही संगणकाकडूनच येणार. ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झालेल्या टाइप-सीने दोन्ही टोके सारखी केली. मग वीज कोणी द्यायची? २४ पिनांच्या या जोडणीत त्यासाठी खास वाहक आहे. वीज घेणारे उपकरण तेथे ५.१ किलोओहमचा रोधक दाखवते. तो आढळेपर्यंत देणारा वीज सोडतच नाही. पुढे ‘पॉवर डिलिव्हरी’च्या नियमांनुसार दोघांत डिजिटल बोलणी होतात आणि दाब ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतो. २०१२ च्या नियमांत कमाल शक्ती १०० वॅट होती, २०२१ मध्ये ती २४० वॅट झाली. वीज देणारा आणि माहितीच्या देवाणघेवाणीचा सूत्रधार एकच असला पाहिजे, ही जुनी अट अशा रीतीने गळून पडली.

म्हणूनच २०१५ मध्ये अॅपलचा मॅकबुक चार्जिंगसह सर्व कामांसाठी एकच टाइप-सी पोर्ट घेऊन येऊ शकला. हबमध्ये चार्जर लावला की हब लॅपटॉपला वीज देतो, तरी हुकूम लॅपटॉपचाच चालतो. पण वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे जुने गणित कायम आहे. ६५ वॅटच्या चार्जरमधून हबने स्वतःसाठी व जोडलेल्या उपकरणांसाठी १५ वॅट राखले, तर लॅपटॉपला ५० वॅटच मिळतात. माहितीच्या मार्गांचेही तसेच: अतिवेगवान तारांच्या चारही जोड्या बाह्य पडद्याला दिल्या, तर हार्ड डिस्कसाठी उरतो तो २००० सालचा ४८० मेगाबिटांचा वेग.

एकसारख्या दिसण्याची किंमतही मोजावी लागली. दोन केबल हुबेहूब सारख्या, पण एक ३ अँपिअर वाहणारी, दुसरी ५. पाच अँपिअरच्या केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी चिप असते. ती चिप आढळली नाही, तर चार्जर कितीही दमदार असला, तरी ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. अखेर २०२१ मध्ये प्रमाणित केबलांसाठी ६० किंवा २४० वॅट अशी ठळक खूण ठरवण्यात आली.