पंपाशिवाय फिरणारे पाणी : रोमन हमामखान्यांची गोष्ट

#थ्रेड

१/ इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पोंपेई नगरात एक जुना सार्वजनिक हमामखाना आहे. स्टाबियन हमामखाना हे त्याचे आजचे नाव. अंगणात उघड्या आकाशाखाली पोहण्याचा गार तलाव, तर आतल्या अंधाऱ्या, वाफाळ दालनात अनेकांना एकत्र बसता येईल असा ऊन पाण्याचा हौद. आजच्या हॉटेलांत तलावाला जोडून गरम पाण्याचा टब असतो, त्याच जातीची ही सोय. मात्र तेथे विजेचा पंप नव्हता, गाळणयंत्र नव्हते आणि क्लोरिनही नव्हते. मग हे पाणी फिरत कसे असे?

२/ प्रथम उष्णतेचा प्रश्न. हौद एकदा कढत पाण्याने भरला, तरी दगडी भिंती आणि माणसांची ये-जा यांमुळे तो निवणारच. यावर रोमन कारागिरांनी काढलेला तोडगा स्त्रियांच्या विभागातील हौदापाशी सापडला. हौदाच्या एका कडेला काशाचे अर्धनळीच्या आकाराचे पात्र बसवलेले होते. त्याचे तोंड हौदात उघडे, तळ हौदाच्या तळापेक्षा किंचित खाली आणि त्याच्या खालून भट्टीचा जाळ जाई. कासवाच्या पाठीसारख्या आकारामुळे लॅटिनमध्ये त्याला ‘टेस्टूडो’, म्हणजे कासव, असे म्हणत.

३/ पात्रातील पाणी तापले की हलके होऊन वर चढे आणि हौदात पसरे. हौदाच्या तळाशी साचलेले गार, जड पाणी त्याची जागा घेण्यासाठी आपोआप पात्रात उतरे. आग जळत आहे तोवर हे चक्र अखंड चाले. पुण्यातील इमारतींच्या गच्चीवरचे अनेक सौर बंब आजही याच तत्त्वावर चालतात, हे त्याखाली रोज आंघोळ करणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

४/ हौदात नवे ऊन पाणी यायचे ते भट्टीवरच्या पात्रांतून. इ.स.पू. पहिल्या शतकातील वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात त्यांची रचना सांगितली आहे. कढत, कोमट आणि गार अशा पाण्याची तीन पात्रे अशी मांडावीत, की कढत पात्रातून जितके पाणी जाईल तितकेच कोमट पात्रातून त्यात यावे आणि कोमट पात्रात तितकेच गार पाणी उतरावे. ज्यांच्या आजोळी तांब्याचा बंब होता, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वरून तांब्याभर गार पाणी ओतावे, तेव्हा तितकेच कढत पाणी बाहेर पडते. विट्रुव्हियसच्या रचनेत लाकूडफाटा वाचे, कारण गार पाणी थेट कढत पात्रात कधी पडतच नसे.

५/ आता दुसरा आणि खरा अवघड प्रश्न : स्वच्छता. टेस्टूडो पाणी तापवी, शुद्ध करीत नसे. मळ जाण्याचा मार्ग एकच, नवे पाणी येत राहणे आणि जुने ओसंडून गटारात जाणे. पोंपेईत आरंभी खोल विहिरीतून रहाटाने पाणी उपसावे लागे; तो रहाट पायाने फिरवणारे गुलाम होते. ऑगस्टसच्या काळात जलसेतूचे पाणी नगरात आले, तेव्हा कोठे मोठा पोहण्याचा तलाव परवडू लागला. हमामखान्यांच्या वैभवाचे वर्णन करताना त्या रहाटाची आठवण इतिहासग्रंथांत क्वचितच निघते.

६/ तरीही गर्दीच्या वेळी पाणी कसे होत असेल, याची साक्ष एका सम्राटानेच दिली आहे. मार्कस ऑरेलियसला स्नान म्हटले की तेल, घाम, मळ आणि गढूळ पाणी आठवे. वैद्यकावर लिहिणारा सेल्सस तर बजावतो, की जखम स्वच्छ झालेली नसताना हमामखान्यात जाणे घातक. तिचे पर्यवसान मांस सडण्यात होऊ शकते. जंतूंची कल्पना नसतानाही त्याचे निरीक्षण अचूक होते.

७/ इंग्लंडमधील बाथ येथे मात्र निसर्गानेच भट्टी पेटवून ठेवली होती. तेथील झऱ्यातून सुमारे ४६ अंश सेल्सियसचे पाणी दररोज ११ लाख लिटरहून अधिक प्रमाणात वर येते. रोमनांनी झऱ्याभोवती ओकच्या लाकडाचे खुंट ठोकून, भिंत बांधून, शिशाचे पत्रे लावून साठवण-कुंड केले. त्यातून पाणी केवळ उताराने मोठ्या स्नानकुंडात जाई. सुमारे १.६ मीटर खोलीच्या या कुंडाचा तळ शिशाच्या ४५ पत्र्यांनी मढवलेला आहे. उरलेले पाणी दगडी गटारातून एव्हन नदीला मिळे. झऱ्याबरोबर वाळूही येई, म्हणून ती खालच्या दारातून अधूनमधून धुऊन काढावी लागे.

८/ रोमन सत्ता ओसरली आणि हेच काम थांबले. झरा पूर्वीसारखाच वाहत होता, पण गटार तुंबले, गाळ चढला, पाणी पसरले आणि इमारती कोसळल्या. १८७८ च्या सुमारास नगराचे सर्वेक्षक मेजर चार्ल्स डेव्हिस एका गळतीचा माग काढीत खाली पोहोचले, तेव्हा रोमन कुंड पुन्हा उजेडात आले.

९/ पुढे या झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या नगरातील तलावात पोहणे सुरूच राहिले. १९७८ मध्ये अशाच एका तलावात पोहलेल्या मुलीचा मेंदूज्वराने मृत्यू झाला. कारण होते ऊन पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा. झऱ्याच्या पाण्यात स्नान बंद करण्यात आले. १९८० च्या दशकात खोलवरून स्वच्छ पाणी आणण्यासाठी नवी कूपनलिका खोदली गेली आणि २००६ मध्ये नवे स्नानगृह उघडले. रोमन कुंडाच्या काठी मात्र प्रेक्षकांना पाण्यास हात न लावण्याची सूचना आजही दिली जाते. कुंडातील हिरवट पाणी शेजारून संथपणे वाहत राहते आणि रोमनांनी बांधलेल्या गटारातून एव्हन नदीकडे जाते.