सहा ठिपके

आम्हा शिक्षकांना वळणदार अक्षराचं भारी कौतुक. पण अक्षर सुंदर असतं ते नेमकं कुणासाठी? लुई ब्रेलचं चरित्र ऐकताना (हो, ऐकतानाच! डोळ्यांनी आता साथ सोडली आहे) हा प्रश्न मनात आला.

व्हॅलेंटिन हाऊई यांनी १७८५ मध्ये पॅरिसला अंध मुलांसाठी शाळा काढली. डोळसांची रोमन अक्षरंच त्यांनी कागदावर उठावात छापली. हेतू थोर होता. पण पुस्तकं अवजड झाली, बोटांना एकेक अक्षर चाचपावं लागे. आणि मुख्य म्हणजे, मुलांना स्वतःच्या हाताने लिहून ते पुन्हा वाचता येईना.

पुढे चार्ल्स बार्बिये यांनी बारा ठिपक्यांची पद्धत आणली. त्याच शाळेतल्या लुईने ती पारखली. बारा ठिपके बोटाच्या एका स्पर्शात मावत नाहीत, हे त्याच्या बोटाला कळलं. त्याने सहाच ठेवले! १८२९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. खाचांची पाटी आणि टोकदार लेखणी घेतली की अंध मूल आता लिहूही शकत होतं.

तरी १८४० नंतर त्याच शाळेच्या नव्या संचालकांनी या ठिपक्यांवर बंदी घातली. मुलं चोरून वापरत राहिली. अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच गेले होते. मराठी वाचणारी बोटं आज भारती ब्रेलच्या त्याच सहा ठिपक्यांवर फिरतात.

हे सगळं आज का आठवावं? माझ्या बँकेचं ॲप फोन मला वाचून दाखवतो: "बटण, बटण, बटण." कोणतं बटण कशाचं, ते बनवणाऱ्याने लिहिलेलंच नाही. दिसायला म्हणे सुरेख आहे. परिणाम असा की माझा पासवर्ड मला नातवाला सांगावा लागतो. तो गुणी आहे हो, पण पैसे माझे आहेत ना!

उलट संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए पाहा. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते लिहायला घेतलं. ते मोफत मिळतं, मराठीही वाचतं.

हाऊईंची कळकळ खोटी नव्हती. कमी पडलं ते एवढंच, की अक्षर ठरवताना बोटांना कुणी विचारलं नाही. ॲप बनवणाऱ्या मुलांनो, तुमच्या टेबलाशी एखादा न दिसणारा सहकारी बसवा. रंग ठरवायच्या आधी.