हौशी बिनतारीची कुळकथा

जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात, असं आपल्याकडे म्हणतात: हौशे, नवशे आणि गवशे. नवशाला नवस फेडायचा असतो, गवशाला काही हाती लागतंय का ते बघायचं असतं. हौशा नुसता हौस म्हणून आलेला असतो, त्यामुळे त्याला कुणी फारसं मोजत नाही. स्वतःच्या घरात प्रेषक यंत्र बसवून जगाशी बोलणाऱ्यांना मराठीत 'हौशी रेडिओ'वाले म्हणतात. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

'हौस' मूळची अरबी, 'हवस'. तिथे तिचा अर्थ वेड, खूळ. फारसीत ती इच्छा झाली. हिंदीत उतरली आणि वासनेच्या बाजूला कलली, इतकी की हिंदीत कुणाला 'हवस' चिकटवली तर तो अपमान होतो. मराठीत मात्र तीच निर्मळ राहिली. हौसेनं झोका बांधतात, हौसेनं बारसं करतात, आणि हौसेला मोल नसतं. हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही हेच आहे: स्वतःच्या शिक्षणासाठी, तंत्राच्या आवडीनं, आर्थिक लाभाविना. पैसे घेऊन संदेश पोचवला की तो माणूस हौशी उरत नाही.

'बिनतारी'चं कूळ तर आमच्या अंगणातलं. नांदेड-लातूरचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राजभाषा होती उर्दू. उर्दूत वायरलेसला 'लासिल्की' म्हणतात: ला म्हणजे नाही, सिल्क म्हणजे धागा, तार. मराठीनं तेच 'बिनतारी' असं सांगितलं. आपल्याकडे 'तार' म्हणजे धातूची तार आणि एकेकाळी पोस्टातून येणारी, छातीत धडकी भरवणारी तारही. बिनतारी म्हटलं की या दोन्ही तारांशिवायचा निरोप डोळ्यांसमोर येतो. अर्थात या बिनतारीलाही एक तार लागतेच. तिच्याकडे पुढे येतो.

या मंडळींचं जगभरचं नाव 'हॅम'. त्याची एक गोड गोष्ट अनेक ठिकाणी वाचायला मिळते: हर्ट्झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी यांची आद्याक्षरं. दुसरी गोष्ट हार्वर्डच्या तीन विद्यार्थ्यांच्या आडनावांची. दोन्ही मागाहून जुळवलेल्या. खरं कूळ साधं आहे. अमेरिकेतल्या तारघरांत ज्याचा हात जड, ज्याचे ठिपके आणि रेघा एकमेकांत घुसतात, अशा कच्च्या तारमास्तराला 'हॅम' म्हणून हिणवत. पुढे बिनतारी आली आणि हौशी पोरं व्यावसायिक केंद्रांच्या मध्ये मध्ये लुडबूड करू लागली, तेव्हा ही शिवी त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी ती मिरवली. निरोपाच्या शेवटी हॅम आजही '७३' म्हणतात, 'सप्रेम नमस्कार' या अर्थी. तोही आकडा तारघरातलाच, एकोणिसाव्या शतकातल्या संक्षेपांच्या यादीतला.

भारतात ही हौस १९२१ मध्ये पोचली. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले भारतीय हॅम मानले जातात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी परवाने काढून घेतले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू इथल्या लष्कराच्या सिग्नल शाळेत हॅमची संघटना सुरू झाली, तीच पुढे 'ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाली. भारतीय हॅमच्या हाक-नावाच्या (कॉल साइनच्या) सुरुवातीला येणारं 'व्हीयू' ब्रिटिश साम्राज्याच्या काळातलं. कॅनडाचं 'व्हीई' आणि ऑस्ट्रेलियाचं 'व्हीके' ही त्याची भावंडं.

मी सर्वात जास्त थांबलो ते नियमांपाशी. भारतातल्या हौशी सेवेचे नियम १९७८ चे. हॅमनं एकमेकांशी काय बोलावं? तांत्रिक चाचण्यांविषयी, आणि ज्यासाठी सार्वजनिक तारसेवेचा खर्च करण्याइतकं महत्त्व नाही अशा किरकोळ वैयक्तिक गोष्टींविषयी. म्हणजे बिनमहत्त्वाचं बोलण्याचाच हा परवाना. तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायला मनाई. पण त्याच नियमांत एक दार आहे: भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा वेळी सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप हॅमला पोचवता येतात, आणि त्या अधिकाऱ्यांत जिल्हाधिकारी येतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते दार आमच्या भागात उघडलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीखालची जमीन हलली. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण केंद्र उथळ होतं, आणि आमची घरं दगड-मातीच्या रुंद भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या माळवदानं गारवा दिला तेच अंगावर आलं. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ ते दहा हजार माणसं गेली. मोबाइल फोन देशात यायला अजून जवळजवळ दोन वर्षं होती.

त्या दिवसांत हॅम मंडळी आपापली यंत्रं घेऊन भूकंपग्रस्त भागात आली. त्यांच्या कामाला काय लागतं ते बघा: पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढा संच, बारा व्होल्टची गाडीची बॅटरी, आणि तीच ती तार. सात मेगाहर्ट्झसाठी साधारण दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मधोमध केबल, टोकं कडुनिंबाला किंवा खांबाला बांधलेली. तार फार उंच लागत नाही, उलट बुटकी बरी. तिच्यातून लहरी जवळजवळ सरळ वर जातात, दोन-अडीचशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटतात आणि पावसासारख्या खाली पसरतात. अंधाऱ्या खोलीत छताकडे टॉर्च मारली की उजेड कोपऱ्याकोपऱ्यांत उतरतो, तसं. किल्लारीहून नांदेड सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, हैदराबाद दोनशेच्या थोडं पुढे, मुंबई चारशेच्या आसपास. त्या एका तारेच्या छत्रीत हे सगळं बसतं. मध्ये मनोरा नको, एक्स्चेंज नको.

पण नुसती यंत्रं आली असती तर काही झालं नसतं. शंभर जण एकदम बोलू लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. एकानं नियंत्रण घ्यायचं, बाकीच्यांनी हाक येईपर्यंत गप्प राहायचं, आकडा दोनदा सांगायचा, गावाचं नाव अक्षर-अक्षर फोडून सांगायचं, लिहून घेतलेलं परत वाचून दाखवायचं. सास्तूर आणि सारणी यांत गोंधळ झाला तर मदत भलत्या गावाला जाते. ही शिस्त हॅमला अंगवळणी पडते ती त्याच किरकोळ गप्पांतून. तुमच्याकडे पाऊस आहे का, माझा आवाज कसा येतोय, अँटेना किती उंच: वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच बोलत राहायचं. बाहेरच्याला हा वेळ फुकट घालवणं वाटतं. किल्लारीच्या चिखलात जो निरोप चुकायला नको होता, त्याची तालीम या फुकटच्या बोलण्यातच झालेली होती.

पुढे भूजच्या २००१ च्या भूकंपात, अंदमानात २००४ च्या त्सुनामीत हेच घडलं. पोर्ट ब्लेअरला तर भारती प्रसाद या हॅमचा चमू आधीपासूनच होता, हौसेच्या मोहिमेवर. दूरदूरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळवून द्यायला ती मंडळी गेली होती. लाट आली आणि तोच संच बेटांचा आवाज झाला. ५ मे २००५ रोजी इस्रोनं 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडला, साडेबेचाळीस किलोचा, खास हौशींसाठी. तो २०१४ पर्यंत चालला.

आता खिशात मोबाइल आहे आणि आमच्या भागात हॅम मोजकेच. बाराव्या वर्षापासून परवान्याची परीक्षा देता येते. उजाडताना सात मेगाहर्ट्झवर कान लावला तर हजेरी सुरू असते. नियंत्रण करणारा एकेक हाक-नाव घेतो, समोरून 'पाच-नऊ' येतं, म्हणजे आवाज स्वच्छ आणि दणदणीत. मग हवापाणी, चहा झाला का, गुडघा कसा आहे. सगळ्यांची नावं झाली की तो क्षणभर थांबतो आणि विचारतो, आणखी कुणी आहे का, आवाज क्षीण असला तरी बोला.