वैद्यकशिक्षणातील कृत्रिम रुग्ण

वैद्यकशिक्षणात एक जुना पेच आहे. हाताला सराव झाल्यावाचून विद्यार्थ्याकडे रुग्ण सोपविणे इष्ट नव्हे. आणि रुग्ण सोपविल्यावाचून हाताला सराव होत नाही. कृत्रिम रुग्णाची परंपरा या पेचातून उदयास आली.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये प्रसूतिसमयी होणारी प्राणहानी हा राज्यकर्त्यांच्याही चिंतेचा विषय होता. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने मादाम दु कुद्रे या सुईणीस प्रांतोप्रांती जाऊन ग्रामीण स्त्रियांना शिकविण्याची आज्ञा दिली. तिने कापड, चामडे इत्यादींपासून स्त्रीच्या कटिभागाची व अर्भकाची प्रतिकृती सिद्ध केली होती. ज्या स्त्रियांना वाचता येत नसे, त्यांना ग्रंथाचा उपयोग नव्हता. परंतु गर्भाचे आडवेपण त्यांच्या बोटांना कळू शकत होते. रूआँ येथील संग्रहालयात ही प्रतिकृती आजही पाहावयास मिळते.

पुढे १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडावाटे श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली तयार केली. त्याच दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एब्राहमसन व डेन्सन यांनी घडविलेला ‘सिम वन’ हा संगणकाच्या योगे श्वास घेई, पापण्या मिटी आणि औषधास प्रतिसादही देई.

तथापि या सर्व साधनांत विद्यार्थी बहुधा एकेकटाच कौशल्य कमावीत असे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड येथे डेव्हिड गाबा व त्यांचे सहकारी यांनी विमानचालकांच्या प्रशिक्षणाचा आदर्श पुढे ठेवून प्रश्नाची दिशाच बदलली. शस्त्रक्रियागृहातील संकट केवळ ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर परस्परसंवादाच्या अभावीही बिकट होते. म्हणून सरावही समूहाचा हवा, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय.

संयुक्त आभासी वास्तव हे या विचाराचेच अपत्य आहे. डोळ्यांवर उपकरण चढवून निरनिराळ्या गावचे वैद्यक व परिचर्येचे विद्यार्थी एकाच आभासी खाटेभोवती जमतात, एकमेकांस सूचना देतात आणि चुकतातही. २०२० च्या महासाथीत रुग्णकक्षांची दारे विद्यार्थ्यांना बंद झाली, तेव्हा अशा साधनांची निकड विशेष जाणवली.

परंतु या लाभाचे मोलही द्यावे लागते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कापडी प्रतिकृतीत स्पर्श होता. आभासी खाटेपाशी तो उपकरणांच्या साहाय्यानेही अपुराच लाभतो. एका साधनाने हात घडविला, दुसऱ्याने सहकार्य घडविले. नव्याचा स्वीकार करताना जुने टाकून दिल्यास विद्यार्थ्याची पहिली चूक टळणार नाही. ती केवळ जिवंत रुग्णाच्या देहापर्यंत लांबणीवर पडेल.