मार्गारेट कॅचपोल : एका हद्दपार मोलकरणीची कथा

अठराव्या शतकांतील इंग्लंडचा कायदा माणसाच्या प्राणापेक्षां धनिकाच्या मालमत्तेची राखण अधिक दक्षतेनें करीत असे. त्या शतकाच्या अखेरीस फांशीच्या शिक्षेस पात्र असे दोनशेंहून अधिक गुन्हे त्या कायद्यांत होते. खून आणि दरोडा यांच्याच पंक्तीला घोड्याची चोरी, मेंढराची चोरी, राहत्या घरांतून चाळीस शिलिंगांचा माल उचलणें, हे गुन्हे बसविलेले होते. धन्याच्या कपाटांतील थोडीं चांदीचीं भांडीं नाहींशीं झालीं, तर तेवढ्यावरून मोलकरणीच्या गळ्यास फांस लागणें अशक्य नव्हतें.

प्रत्यक्षांत मात्र शिक्षा झालेल्यांपैकीं सर्वच फांशीं जात नसत. न्यायाधीशानें देहांताची शिक्षा फर्मावावी, आणि मागाहून राजाच्या नांवानें दया दाखवून तिचें रूपांतर हद्दपारींत करावें, असा परिपाठ पडला होता. पूर्वीं हे कैदी अमेरिकेंतील वसाहतींत पाठवीत. १७७५ सालीं तेथें युद्ध पेटलें व ती वाट बंद झाली. तेव्हां ऑस्ट्रेलियाचा पूर्वकिनारा निवडण्यांत आला. १७८८ च्या जानेवारींत कैद्यांचीं पहिलीं गलबतें तेथें पोहोंचलीं. १८६८ पर्यंत सुमारें १,६२,००० कैदी त्या खंडांत उतरले. त्यांत स्त्रिया होत्या सुमारें २५,०००. पुष्कळशा घरकाम करून पोट भरणाऱ्या, आणि अनेकींचा गुन्हा धन्याच्या घरची चोरी हाच. मार्गारेट कॅचपोल ही त्यांपैकींच एक.

तिचा जन्म सफोक परगण्यांतील नॅक्टन गांवीं १४ मार्च १७६२ रोजीं झाला. शाळेशीं तिचा संबंध फारसा आलाच नाहीं. लहानपणापासून या घरीं ना त्या घरीं चाकरी करीत ती वाढली. १७९३ च्या मे महिन्यांत इप्सविच शहरीं जॉन कोबोल्ड यांच्या घरीं ती कामास लागली. कोबोल्ड हे बिअर तयार करणारे मोठे कारखानदार. घरांत मुलांचा मोठा परिवार. त्यांच्या पत्नी एलिझाबेथबाई विदुषी होत्या, कविता करीत. स्वयंपाकांत मदत करणें आणि मुलांस सांभाळणें हें मार्गारेटचें काम. मुलांचे प्राण संकटांतून वांचविल्याचें श्रेयहि तिला दिलें जातें. याच घरांत ती लिहावयास व वाचावयास शिकली. धन्याच्या घरीं मिळालेली ही विद्या पुढें तिच्या किती उपयोगीं पडणार होती, याची कल्पना त्या वेळीं कोणासच आली नसेल.

१७९५ सालीं तिनें ती नोकरी सोडली. त्यानंतर दोन वर्षांनीं, १७९७ च्या मे महिन्यांत, एका रात्रीं ती कोबोल्डांच्या तबेल्यांत शिरली, एक घोडा सोडला, आणि सत्तर मैलांची मजल सुमारें दहा तासांत मारून लंडन गांठलें. तेथें घोडा विकण्याच्या खटपटींत असतांनाच ती पकडली गेली. खटल्यांत तिनें गुन्हा नाकारला नाहीं. देहांताची शिक्षा झाली आणि परिपाठाप्रमाणें तिच्या जागीं सात वर्षांची हद्दपारी आली.

परंतु हद्दपारीचें गलबत लौकर मिळालें नाहीं, आणि जवळजवळ तीन वर्षें ती इप्सविचच्या तुरुंगांतच राहिली. २५ मार्च १८०० च्या रात्रीं कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या साह्यानें बावीस फूट उंचीची भिंत ओलांडून ती पळाली. थोड्याच दिवसांत सफोकच्या किनाऱ्यावर ती पुन्हां सांपडली. पुन्हां न्यायासन, पुन्हां देहांताची शिक्षा, पुन्हां दया. या वेळीं मात्र हद्दपारी सात वर्षांची राहिली नाहीं. ती जन्माची झाली. १४ डिसेंबर १८०१ रोजीं 'नाईल' नांवाच्या गलबतांतून ती सिडनी बंदरांत उतरली. तेव्हां तिचें वय चाळिशीच्या घरांत होतें.

येथून तिच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो, आणि खरें पाहतां तोच अधिक मोलाचा आहे. वसाहतीचे कोठीअधिकारी जॉन पामर यांच्याकडे ती प्रथम स्वयंपाकीण म्हणून राहिली. पुढें हॉक्सबरी नदीच्या कांठच्या शेतकरी कुटुंबांत तिनें कामें केलीं, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, बाळंतपणें केलीं. जेथें वैद्य सहज मिळत नसे, तेथें अशा अनुभवी बाईची योग्यता काय असेल, हें आपल्याकडील खेड्यांतील सुईणीस ओळखणाऱ्यांना निराळें सांगावयास नको. हळूहळू तिनें लहानसें शेत खंडानें घेतलें, एक छोटें दुकानहि चालविलें.

या सर्व काळांत ती पत्रें लिहीत होती. आपल्या नातेवाइकांस तिनें लिहिलें, आणि जिच्या पतीचा घोडा तिनें चोरला होता त्या एलिझाबेथबाईंसहि लिहिलें. शुद्धलेखन नांवाला नाहीं. शब्द जसा तोंडांत आला तसा कागदावर उतरलेला. पण तिची दृष्टि तीक्ष्ण आणि स्मरण पक्कें. १८०६ च्या मार्चमध्यें हॉक्सबरीला जो महापूर आला, ज्यांत धान्याच्या गंजी वाहून गेल्या व वसाहतीवर दुष्काळाची छाया पडली, त्याची हकीकत तिच्या पत्रांतून मिळते. तेथील झाडेंझुडपें, प्राणी, लोकांची रहाणी यांचींहि वर्णनें त्यांत आहेत. ती भूमि मूळची डारुग लोकांची होती, आणि वसाहतवाल्यांच्या शेतांनीं त्यांची नदी व अन्न हिरावून घेतलें. त्या लोकांकडे मार्गारेट वसाहतवाल्यांच्याच नजरेनें पाहते, हेंहि वाचकानें विसरतां कामा नये. स्वतः अन्याय सोसलेल्या माणसास दुसऱ्यावरचा अन्याय दिसतोच, असें नाहीं.

३१ जानेवारी १८१४ रोजीं तिला पूर्ण माफी मिळाली. आतां मायदेशाची वाट मोकळी होती. पण ती परत गेली नाहीं. एका आजारी धनगराची शुश्रूषा करतांना तिला ज्वराची बाधा झाली आणि १३ मे १८१९ रोजीं तिचा अंत झाला. रिचमंड येथील सेंट पीटरच्या देवळाच्या आवारांत तिला पुरलें.

कोबोल्डांचे पुत्र रिचर्ड यांनीं १८४५ सालीं तिच्यावर कादंबरी लिहिली. त्यांत चोरट्या मालाच्या व्यापाऱ्यावर तिचें प्रेम जडतें, त्याच्यापायीं ती घोडा चोरते, आणि पुढें ऑस्ट्रेलियांत लग्न करून १८४१ पर्यंत सुखानें नांदते. वास्तविक तिनें लग्न केलेंच नव्हतें. कादंबरी लोकप्रिय झाली, रंगभूमीवर आली, १९११ सालीं तिच्यावर चित्रपटहि निघाला. खरी मार्गारेट त्या नायिकेच्या आड बरेच दिवस झांकली गेली.

घोड्याच्या चोरीबद्दलची फांशी इंग्लंडांत १८३२ सालीं रद्द झाली. हद्दपारी मात्र आपल्या देशासहि नवी नव्हती. मुंबई इलाख्यांतीलहि कैदी मॉरिशसला पाठविले गेले, आणि १८५८ पासून अंदमान म्हणजे 'काळें पाणी' हें समीकरण घरोघर झालें. त्या हजारों जिवांपैकीं फारच थोड्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोंचले आहेत. बहुतेकांची नोंद म्हणजे नांव, गुन्हा आणि गलबत. मार्गारेटची नोंदहि तेवढीच राहिली असती. तिला जी अक्षरें एका घरच्या चाकरींत लाभलीं, त्यांच्याच बळावर ती न्यायालयाच्या दप्तराबाहेर उरली. तिचीं पत्रें सिडनीच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेलीं आहेत. दोनदां जिला जगण्यास अपात्र ठरविलें, तिच्या हातून पुढें अनेक मुलें जगांत सुखरूप आलीं. तो निकाल देणाऱ्या कायद्याविषयीं याहून अधिक कांहीं बोलण्याची आवश्यकता नाहीं.